शेवटची उतारू

"अंकलजी, उतरिए! टाइम हो गया!"

चौकीदाराने पुन्हा शिटी मारली, तसं चंद्रप्रभाबाईंनी नवऱ्याचं मनगट आणखी घट्ट धरलं. पद्माकर सुकाणूपाशी उभे होते, जागचे हलेनात.

कोकणातल्या खाडीत ज्या फेरीबोटीवर त्यांनी तांडेल म्हणून, सुकाणू धरून, हयात घालवली, तीच ही बोट. बोट सेवेतून काढल्यावर ट्रेलरवरून नोएडाला आणून, बागेतल्या सिमेंटच्या हौदात, गुडघाभर हिरव्या पाण्यात तिचं म्हणे संग्रहालय केलं होतं. खाडी सोडून बोट इथे कशाला यावी? पण बाई तरी कुठल्या तोंडाने विचारणार! मुलाच्या सरकारी नोकरीपायी ती दोघंही दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात आलीच होती.

वर्षभरात पद्माकरांना माणसं आठवेनाशी झाली होती. गेल्या महिन्यात भाजी घेताना हात सुटला, आणि ते संध्याकाळी आर. के. पुरमच्या बसस्टॉपवर सापडले. तेव्हापासून घराबाहेर बाई त्यांचं मनगट सोडत नसत. बोट पाहून काही आठवेल, निदान आपलं, बायकोचं, नाव तरी, एवढ्या आशेवर त्या आल्या होत्या.

"आई, चलो ना, गार्ड चिडलाय," जयदीप खालून ओरडला. "बाबांना धरून आण."

बाईंनी ओढून पाहिलं.

"आधी उतारू," पद्माकर करड्या आवाजात म्हणाले. "तांडेल शेवटी."

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. बोटीवर आता उतारू म्हणून त्या एकट्याच उरल्या होत्या. घरीही सगळ्यांचं झाल्याशिवाय ते ताटावर बसत नसत; याच शिस्तीपायी रोज जेवणं खोळंबायची आणि त्या चिडायच्या. पण पलीकडच्या बाजूला कठडा मोडलेला. हात सोडला आणि हे तिकडे वळले तर?

बाईंनी देवाचं नाव घेतलं आणि मनगट सोडलं.

उतरायच्या फळीवरून त्या खाली निघाल्या. मागे वळून पाहायचा धीर होईना. खाली पोचल्या तरी मागे चाहूल नाही. मग फळी करकरली. पद्माकर सावकाश उतरले, फळीची साखळी अडकवली, ओढून पाहिली.

"बाई," ते अदबीने म्हणाले, "सांज झाली. तुम्हाला न्यायला कोणी आलंय ना?"

नाव नाहीच आठवलं. बाईंना रडू आलं, पण त्यांनी ते गिळलं.

"आलेत," त्या म्हणाल्या आणि हात पुढे केला.

उतारूचा धरावा तसा पद्माकरांनी तो जपून धरला.