बिनरंगाचं घर

पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत कॉलेजातली अस्मिता रंगाचे डबे घेऊन आली, तेव्हा महिपतीला वाटलं, पहिला मान आपलाच. मिळाला गेनबाला.

दोघांनी तीस वर्षं मंडईत पोती वाहिली. खोल्याही भिंतीला भिंत लागून. पण मुकादमाने आधी हाक मारायची ती गेनबाला, आणि म्हातारपणीही तेच. गेनबाच्या पत्र्यावर ऊन परतवणारा पांढरा रंग लागला. महिपतीचा पत्रा तसाच राहिला.

"आजोबा, तुमचं घर असंच हवंय," अस्मिता म्हणाली. "रंगाचं आणि बिनरंगाचं, दोन्ही शेजारी-शेजारी दिसली तर लोकांना पटेल. दोन आठवडेच. मग रविवारी वस्तीतल्या बायका ठरवतील, चाळीस घरांना लावायचा की नाही."

दोन्ही घरांत तापमापक टांगले. रोज दुपारी तीनला ती आकडे लिहून न्यायची आणि तिच्यामागून बायका बघायला यायच्या. गेनबाकडे शिरल्या की "अगंबाई, किती बरं वाटतंय!" आणि महिपतीच्या दारात आल्या की पदराने वारा घेत "देवा रे!" तिकडे छत्तीस, इकडे एकेचाळीस. गेनबा उंबऱ्यात बसून येणाऱ्यांना पाणी द्यायचा, जणू उन्हाला त्यानेच हाकललं होतं.

"महिपती, दुपारचा ये की माझ्याकडं पडायला," चौथ्या दिवशी तो सगळ्यांसमोर म्हणाला. "लाजतोस कशापायी?"

महिपतीला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मंडईत पालेभाजी सुकू नये म्हणून तिच्यावर ओलं बारदान टाकतात. महिपतीने आयुष्यभर तेच पाहिलेलं. दुसऱ्या दिवशी त्याची बायको यमुनाबाई लोकांकडे धुण्याभांड्याला गेली, तशी त्याने चार बारदानं पिंपात बुडवली आणि शिडी लावून पत्र्यावर पसरली. टायर, दगड, मोडक्या खुर्च्या सगळ्यांच्याच पत्र्यांवर असतात, वर बघतो कोण? तासातासाला तो कुरकुरत्या गुडघ्यांनी वर चढून बादली ओतायचा. तीन वाजता अस्मिता आकडा वाचून कपाळाला आठी घालायची. सदतीस! महिपती मान वळवून मिशीतल्या मिशीत हसायचा.

"अहो, पिंपाला भोक पडलंय का?" यमुनाबाई विचारायची. "सकाळी भरलेलं, संध्याकाळी तळाला!"

"उन्हाळा हाय," तो म्हणायचा.

रविवारी समाजमंदिरात बायका जमल्या. बचत गटाच्या विजयमालाबाईंनी चष्मा लावून भिंतीवरचा तक्ता वाचला.

"पहिले चार दिवस पाच अंशांचा फरक, पुढं एकच. रंग चार दिवसांत उतरला की काय गं?"

"रंग तसाच आहे, मावशी. तापमापकही बदलून पाहिला. मलाच कळत नाहीये."

"मग एका अंशासाठी चाळीस पत्र्यांवर कुणी चढायचं? राहू दे पोरी."

बायका उठू लागल्या. गेनबाचं तोंड एवढंसं झालं. हेच बघायला महिपती दहा दिवस शिडी चढला होता, आणि त्याने ते डोळे भरून पाहून घेतलं. शेजारी यमुनाबाई मानेवरचं घामोळं चोळत होती.

"म्हटलं, आपल्यालाबी लागंल रंग," ती पुटपुटली. "नशीब."

महिपती उठला. "बसा खाली. रंगात खोट न्हाई. मी पत्र्यावर ओली बारदानं टाकत होतो. रोज."

"आणि पाणी कुठलं?" विजयमालाबाईंनी विचारलं.

"पिंपातलं."

"म्हणजे आम्ही नळावर भांडायचं आणि तुम्ही पत्र्याला आंघोळ घालायची!"

सगळं समाजमंदिर हसलं. यमुनाबाई हसली नाही.

"अरं, म्हणून माझ्या भिंतीला ओल यायची व्हय?" गेनबा म्हणाला. "मला वाटलं, रंगाचाच गुण!"

अस्मिताने दहा दिवसांचे आकडे खोडले आणि समोर लिहिलं, 'ओली बारदानं. गारवा येतो, पण पाणी फार.' मग हात वर झाले. चाळीस घरं ठरली, सोमवारपासून.

"पहिला तुझा पत्रा घेऊ," गेनबा म्हणाला. "मी येतो मदतीला."

"काही गरज न्हाई. माझा मी चढंन." महिपती अस्मिताकडे वळला. "याच्या पत्र्याला किती हात दिलेत?"

"दोन, आजोबा. दोन पुरतात."

"मग मला तीन द्या."