अंगाचं उणं

मी तोंडानं फटकळ हाय, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक हाय. लातूरला कोचिंग क्लासच्या गल्लीत माझं ब्लाऊज शिवायचं दुकान. शिकायला ठेवलेल्या पोरींना भेटायला त्यांच्या आया आल्या की एक-दोन ब्लाऊज टाकून जातात. माप घेता घेता मी बोलते बी, "काकू, श्वास सोडा, पोट लपवून माप येत नसतंय." त्या हसतात, कुणी राग धरत न्हाई. पण तोंडानं बोलणं वेगळं आन् लिहून ठेवणं वेगळं, हे मला चाळिशीत कळलं.

मोबाईलवरचं ते फोटोंचं पिंटरेस्ट मला गिऱ्हाइकानंच दाखवलं. गळे, बाह्या, पाठीवरच्या नाड्या, काय आवडंल त्याच्यावर बोट दाबायचं, की ते आपल्या बोर्डावर जाऊन बसतंय. पहिले मी मासिकातली कात्रणं वहीत चिकटवायचे. आता बोर्ड केले, एक पैठणीचा, एक नवरीचा, एक म्हाताऱ्या बायांचा. मग माझं जास्तीचं डोकं चाललं. गिऱ्हाइकाचा मागून फोटो काढायचा, बोर्डावर टाकायचा आन् खाली लिहायचं, काय झाकायचं, कुठं सैल सोडायचं. त्या बोर्डाला नाव दिलं 'अंगाचं उणं'. चाळीसेक बाया झाल्या त्याच्यात. एकीचं बी तोंड दिसत न्हवतं, म्हणून मी बिनघोर होते. मोबाईल माझा, बोर्ड माझा, पाहतंय कोण?

साखरामावशी त्याच्यातच होती. अर्धापूरला आमच्या माहेरच्या शेजारची. मला कात्री धरायला शिकवली ती तिनं. पस्तीस वर्षं मशीनवर वाकून तिची पाठ वाकली, आन् आता नजर कमी झाली म्हणून स्वतःचे ब्लाऊज माझ्याकडून शिवून घेते. दिवाळीला गेले तवा तिचा बी मागून फोटो काढला. खाली लिहिलं, 'कुबड. गळा वर घेणे, न्हाईतर लई घाण दिसतं.'

तिची पोरगी राजकन्या नांदेडला नर्स हाय. तिचं लग्न ठरलं. आईला कसला ब्लाऊज शोभंल म्हणून ती पिंटरेस्ट धुंडाळत बसली आन् तिच्यापुढं तिच्याच आईची पाठ आली. मानेवरचा भाजल्याचा डाग, मागं त्यांच्या घराची हिरवी भिंत, खाली मी लिहिलेलं, आन् बोर्ड कुणाचा तिथं माझ्या दुकानाचं नाव.

तिचा फोन आला. एरवी 'ताई, तू' म्हणणारी पोरगी.

"तुम्ही ते आधी काढा," ती म्हणाली. "आईला मी सांगणार न्हाई. तुम्ही बी सांगू नका. लग्नात तिला मान वर करून फिरायचंय."

बोर्ड दुसऱ्यांपासून झाकून ठेवायची सोय होती, पण ते बटन मी कधी पाहिलंच न्हवतं. सगळा बोर्ड पुसला. मग एका गिऱ्हाइकाच्या पोरीला तिच्या मोबाईलवर बघायला लावलं, तर मावशी कुणाच्या तरी बोर्डावर तशीच उभी, खाली माझी ओळ बी तशीच. त्या बोर्डाचं नाव 'असे ब्लाऊज घालू नका'. पोरगी म्हणाली, "काकू, लोकांनी आपल्याकडं ठेवून घेतलं ते तुम्ही पुसलं तरी जात न्हाई." मला तिच्याकडं बघायची बी लाज वाटली.

शिवण शिकायला बसले तवा मावशीनं पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं होतं. माप वहीत लिहायचं, अंगाचं उणं डोक्यात ठेवायचं, कारण वही कुणाच्याबी हाती पडते. एवढं एक तिचं ऐकलं असतं तर.

लग्नाच्या आठ दिवस आधी ब्लाऊज घेऊन अर्धापूरला गेले. राजकन्या ड्युटीवर होती. मावशीनं ब्लाऊज अंगात घातला, माझ्याकडं पाठ केली आन् म्हणाली, "बघ गं रेणुके, बसतंय का?" मला हात लावणं होईना. राजकन्येनं बजावलेलं माहीत असून मी सगळं सांगून टाकलं. खरं सांगते, ते तिच्यासाठी न्हाई सांगितलं. माझ्या पोटात मावत न्हवतं म्हणून सांगितलं.

तिनं मोबाईल मागितला, मी त्या दुसऱ्या बोर्डावरचा तिचा फोटो काढून दिला. डोळ्याजवळ धरून लई वेळ बघितलं.

"ही मी व्हय?"

"हाव, मावशी."

"एवढी वाकले?" ती म्हणाली. "मला वाटायचं, थोडी असंल." खाली काय लिहिलंय ते तिनं मला वाचायला लावलं. मी वाचलं. 'घाण' म्हणताना माझी जीभ अडखळली. ती रागावली न्हाई. रागावली असती तर मी पाय धरले असते. "चांगला शिवलास ब्लाऊज," एवढंच म्हणाली आन् पदर खांद्यावरून ओढून घेतला.

लग्नात मे महिन्याच्या उन्हात ती शाल पांघरून मांडवाच्या कडेला भिंतीला टेकून उभी होती. फोटोवाल्यानं दोनदा बोलावलं, ती हलली न्हाई. राजकन्येनं आईकडं बघितलं, मग माझ्याकडं, आन् तिला कळलं.

निघताना मी मावशीच्या पाया पडले. तिनं डोक्यावर हात ठेवला, लाडवाचा पुडा दिला आन् घरात जायला निघाली. पण वळली न्हाई. माझ्याकडं तोंड ठेवून, हातानं भिंत चाचपत, एकेक पाऊल मागं सरकत गेली.