चार ओळी खालचा अर्थ

मित्रांनो, माझ्या पाठीला डिंकाचे तीन थर आहेत आणि माझी शेवटची दोन पानं केव्हाच गळून गेली आहेत. तरी मी कोण ते ओळखू येतं. मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे.

कोल्हापुरातल्या एका दुकानातून गणपतरावांनी मला घरी आणलं. ते शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, वाळूचे साचे करायचे. पेपरात सुपरवायझरच्या जागेची जाहिरात आली, तिच्यातल्या 'वॉन्टेड' या शब्दाचा अर्थ त्यांनी माझ्यात पाहिला, 'पाहिजेत', आणि अर्ज करून ती जागा मिळवली. मग गल्लीत माझं फार कौतुक झालं. कुणी औषधाचं खोकं घेऊन यायचं, कुणी बँकेचं पत्र. "गणपतराव, बघा की जरा तुमच्या बुकात!" मला पोथीसारखा मान होता.

पुढे गणपतराव देवाघरी गेले. घरोघरी मोबाईल आले. माझी रवानगी गॅसच्या शेगडीखाली झाली. तिचा एक पाय आखूड होता ना! अंगावर फोडणीचं तेल उडायचं. मी मुकाट्याने शेगडी पेलत राहिलो.

तिथून मला त्यांच्या पत्नीने, आक्कांनी, बाहेर काढलं. त्यांचा मुलगा उदयसिंह कॅनडात राहतो. त्याची सात वर्षांची मुलगी पूर्णिमा तिथेच जन्मली, तिला मराठी येत नाही. आक्का सहा महिन्यांसाठी तिकडे निघाल्या, तेव्हा त्यांनी मला धुतलेल्या फडक्यात गुंडाळून बाळकृष्णाच्या मूर्तीशेजारी बॅगेत ठेवलं. म्हणाल्या, "ह्यांचं बुक हाय संगं. आता कशाला भ्यायचं?"

तिकडे आजी-नातीचं भाषेवाचून छान जमलं. पूर्णिमा आरतीला घंटी वाजवायची आणि प्रसादाची साखर दोनदा मागायची.

निघायला आठवडा उरला, तेव्हा उदयसिंह म्हणाला, "आई, आणखी सहा महिने ऱ्हातीस का? व्हिसा वाढवायचा अर्ज आजच भराय पायजे. संध्याकाळपतोर सांग."

त्याच सकाळी शाळेच्या बसकडे पळता पळता पूर्णिमाने आजीच्या हातात एक कार्ड कोंबलं. त्यावर इंग्रजीत एकच ओळ होती. 'आजी, आय डोन्ट वॉन्ट यू टू गो.'

आक्का सातवी शिकलेल्या. अक्षर लावता यायचं. त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि एकेक शब्द शोधला. डोन्ट, म्हणजे नको. वॉन्ट, पाहिजे असणे. यू, तू. गो, जाणे. कार्डाच्या मागे त्यांनी पेन्सिलीने लिहिलं, 'मला तू नको. जा.'

मित्रांनो, शब्द सगळे माझेच होते. एकही खोटा नव्हता. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण पुस्तकाला तोंड कुठे असतं? त्याच पानावर, चार ओळी खाली, 'वॉन्ट'चा आणखी एक अर्थ छापलेला आहे: उणीव. आपलं माणूस जवळ नसलं की घरात जे उणं वाटतं, ते. त्या वाक्यात तो अर्थ बसत नव्हता, पण पोरीच्या मनात तोच होता. आक्कांचं बोट तिथवर आलंच नाही. कार्ड आत ठेवून त्यांनी मला मिटलं.

"न्हाई बाबा, मी जाते," त्या संध्याकाळी म्हणाल्या. "माझं उपास-तापास हितं नीट हुईत न्हाईत." लेकराला बोलणी बसतील म्हणून कार्डाचं नावसुद्धा काढलं नाही.

कोल्हापूरला आल्यावर व्हिडिओवर फोन यायचा, पण पूर्णिमा समोर येईना. आक्काही हाक मारीनात. वर्ष गेलं. आक्कांचं हृदयाचं दुखणं बळावलं आणि डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केला.

ईदला शेजारच्या बादशहाभाईंची कॉलेजात जाणारी मुलगी जोया शीरखुर्मा घेऊन आली. कोनाड्यातून मला उचलून ती चाळायला लागली, तर आतलं कार्ड खाली पडलं. तिने दोन्ही बाजू वाचल्या.

"आक्का, ह्ये मागं काय लिवलंय तुमी?"

"नातीनं लिवलंय, त्येचा अर्थ काढला."

"अवो, उलटा काढलाय की! 'तू जाऊ नको' म्हणत्या ती!"

आक्का पाटावर बसल्या त्या बसल्याच. "नको तर त्यात हुतंच की गं," एवढंच पुटपुटल्या. "कशाला लावायचं त्ये मला कळलं न्हाई."

त्या संध्याकाळी जोयाने फोन लावून दिला. आक्कांनी हट्टाने पूर्णिमाला बोलावून घेतलं. ती आली, आता उंच झालेली, खाली बघत. जोयाने शिकवलेलं वाक्य आक्का थांबत थांबत बोलल्या, "आय डिड नॉट वॉन्ट टू गो."

मुलीने मान वर केली. "देन व्हाय डिड यू?"

"मग का गेलीस, इचारत्या," जोया हळूच म्हणाली.

आक्कांनी कार्डाची मागची बाजू फोनसमोर धरली. पण पोरीला मराठी अक्षर कुठलं लागायला! जोया काही सांगायच्या आत ती उठून गेली.

बाळांनो, मला कव्हर घाला, न घाला, ऊन दाखवा, न दाखवा. माझं मागणं एवढंच आहे. तुमच्या घरातलं कुणी हातात इंग्रजी कागद घेऊन तुमच्यापाशी आलं, तर 'नंतर बघू' म्हणू नका. ते घाबरत, लाजत आलेलं असतं. त्याच्याजवळ बसा आणि अख्खं वाक्य वाचून दाखवा. आणि कुणी आलंच नाही, तर तुम्ही आपण होऊन विचारा.