चाळीस फूट शेल

शरयूला आपली चूक कळली तेव्हा जमिनीत गॅस भरायला सुरुवात होऊन अकरा दिवस झाले होते.

२००६चा जुलै. टेक्सासमधल्या शुगर लँड गावी एका छोट्या कन्सल्टिंग कंपनीत ती विहिरींचे लॉग वाचायची, म्हणजे बोअरमध्ये उपकरणं सोडून खडकांची जी मोजमापं घेतात त्यांचे आलेख. तासाभराच्या अंतरावर त्यांची एक क्लायंट कंपनी जमिनीखालच्या वालुकाश्मात गॅस साठवत होती. त्याच्यावर शेलचा, चिकणमातीच्या घट्ट खडकाचा, जाड थर असला तरच गॅस खाली राहतो. शेलमध्ये किरणोत्सार जास्त असतो; गॅमा रेच्या आलेखात तिथे तो भरपूर दिसला, म्हणून शरयूनं लिहून टाकलं होतं : चाळीस फूट, ऐंशी टक्के शेल. डेन्सिटी आणि न्यूट्रॉनचे आलेख ताडून पाहायचे घाईत राहिले होते.

त्या गुरुवारी बोअरमधला खडकाचा चुरा उशिरानं ऑफिसात पोचला. मायक्रोस्कोपखाली गुलाबी कण दिसले. फेल्डस्पार, वाळूत सापडणारं खनिज. त्यातल्या पोटॅशियमनंही गॅमा वाढतो. तिनं उरलेले दोन आलेख काढले. शेलमध्ये ते एकमेकांपासून लांब जातात. इथे चाळीस फूट चिकटून होते. सगळी वाळूच. ती आलेख घेऊन मालकांच्या केबिनमध्ये गेली.

कंपनी एकनाथकाकांची. ते तिच्या वडिलांचे मित्र. तिचा व्हिसाही त्यांनीच केलेला. त्यांनी आलेख बराच वेळ पाहिले, मग उठून केबिनचं दार लावलं.

"रिपोर्टवर सही माझी आहे, शरयू. सोमवारी क्लायंटशी बोलतो."

"काका, आज गुरुवार आहे."

शरयूनं पार्किंग लॉटमधून साइटवर स्वतःच फोन लावला. तिथला ऑपरेटर म्हणाला, दोन दिवस गॅस जातोय तेवढाच, पण प्रेशर चढत नाहीये. गेज बिघडलं असेल म्हणून नवीन मागवलंय. तिनं सगळं सांगितल्यावर त्यानं गॅस भरणं थांबवलं.

शनिवारी काका तिला गाडीतून तिकडे घेऊन गेले. साइटजवळच्या घरातली म्हातारी सांगत होती, तीन दिवस घोडे पिण्याच्या विहिरीच्या पाण्याला तोंड लावत नाहीयेत. हौदात बारीक बुडबुडे येत होते. वारा अजिबात नव्हता. शेरीफचा, म्हणजे तिथल्या पोलिसांचा, माणूस दारोदार जाऊन शेगडी पेटवू नका म्हणून सांगत होता.

"गॅस आणखी कुठे वर येईल?" काकांनी हळूच विचारलं.

"नाही सांगता येणार, काका."

सोमवारी काकांनी चूक स्वतःच्या सहीनं लिहून दिली. सहा घरं रिकामी केली होती, ती रिकामीच राहिली. किती गॅस बाहेर पडला आणि किती अजून खाली वाट काढतोय, ते कोणालाच सांगता आलं नाही.