कान चिरलेला मेंढा

शिंदी कशी हाय ते मला इचारा, येडूदाजीला इचारू नका. त्येला गोड, आंबट, आळणी समदं एकच. घशाखाली गेली आन् डोकं फिरलं म्हंजे झालं. आन् त्येचं डोकं तर न पिताच फिरल्यालं असतंय. माझ्या तानाबाईचा, म्हंजे माझ्या सख्ख्या भणीचा नवरा हाय, पर खरं त्येच सांगतो. आख्ख्या नातेपुत्यात त्येच्याइतका तापट गडी घावायचा न्हाय. बैल अडला तर बैलाला मारतो, चाक रुतलं तर चाकाला मारतो.

त्या साली माघात आमी दोघं गाडी जुपून बिरोबाला निघालो. आमच्या कुळाचा बिरोबा पार होटगीच्या पलीकडं. गाडीच्या मागं मेंढा बांधला हुता. त्यो साधा मेंढा न्हवं. मागल्या साली माझा भाचा कुंडलिक तापानं गेल्यातच जमा हुता, डोळं पांढरं केलं हुतं पोरानं. तवा दाजीनं कळपातलं सगळ्यात चांगलं कोकरू धरलं, त्याचा डावा कान मधनं चिरला आन् म्हणाला, "बिरोबा, पोर जगू दे, ह्यो तुजा." दुसऱ्या दिशी पोरानं पेज मागितली.

असा कान चिरला की त्यो जीव देवाचा. त्याला इकायचा न्हाय, बदलायचा न्हाय. देवापुढं नेऊन त्याच्यावर पाणी शिंपडायचं, ज्याच्यासाठी नवस बोलला त्याचं नाव घ्यायचं. मेंढ्यानं अंग झाडलं की देवानं घेतला म्हणायचं. एक मेंढा, एक नाव. आन् देवाआधी कुणी त्याचा घास खाल्ला तर नवस उलटतो, दिल्यालं माणूस देव माघारी नेतो. हे आमच्यात पोरंसोरं बी सांगतील.

निघताना तानी दाजीशी बोललीच न्हाय. मलाच बाजूला घिऊन म्हणाली, "बाळा, ह्यांचा हात आवर. माझं पोर त्या मेंढ्याच्या जिवावर हाय." मी म्हणालो आवरतो. काय आवरतोय कपाळ!

आता वाटंचं सांगतो. वाटंवर शिंदीचं दुकान दिसलं आन् बाळासो तसाच पुढं गेला असं कदी झालं न्हाय. देवाला जाताना पिऊ नये म्हणणारं देवाला गेल्यालंच नसत्यात. मोहोळात ओढ्याकाठी पहिलं दुकान लागलं. शिंदी सकाळचीच, गोडसर, जरा नाकात झिणझिण करणारी. संगं भाजल्यालं हरभरं आन् लाल मिरचीत परतल्याली सुकट. मी म्हणालो, सुकट झक्कास, शिंदीत मातर पाणी हाय. दाजी कुटला ऐकतोय! त्यानं मडकं रिकामं केलं आन् बुडाचा गाळ मेंढ्यापुढं ओतला. मेंढ्यानं चाटून पुसून साफ केला.

"देवाचा हाय, घिऊ दे की त्येला बी," दाजी म्हणाला.

तिथं एक कापसाचा गाडीवाला हसला. म्हणाला, "मेंढा मालकावर गेलाय." बास! दाजीनं तेच मडकं त्याच्या टाळक्यात घातलं. खापऱ्या उडाल्या, गाडीवाल्याच्या भुवईतनं रगत डोळ्यात उतरलं, त्याच्या भावानं जू काढून आणलं. मी मधी पडलो तर एक दणका मलाच बसला. कसंबसं बैल पिटाळत आमी निघालो. दाजी गाडीत आरामात बसून दातातली सुकट काढत हुता.

दुसरं दुकान सोलापुरात, विणकरांच्या वस्तीत. शिंदी आंबट, डोक्यात चढणारी. तिथल्या तेलगू बाईनं चिंचेच्या कोळातला मासा केलता, त्यो अजून जिभंवर हाय माझ्या. तिथं बी मेंढ्यानं गाळ चाटला, आन् तिथं बी दाजीनं हाणामारी केली. बाकड्यावर सरकून बस म्हणाला म्हणून एका गिरणीवाल्याचा गळा धरला. त्याची जीभ भाईर आली तवा मी दाजीच्या मनगटाला कचकून चावलो, तवा कुटं सोडलं. मी म्हणालो, "दाजी, तुमी कुणाला तरी जिवं मारशीला." तर म्हणतो, "माझ्या वाटंला कुणी जाऊ नये." आरं, पर जगातल्या समद्या वाटा तुझ्याच हायत व्हय?

होटगी ओलांडली आन् भर दुपारी तिसरं दुकान लागलं. शिंदीच्या बनातच एक खोपट. नवरा भीमा झाडं छेदायचा, रस उतरवायचा. बायकू मायाक्का दुकान आन् चूल बघायची. दोघं बी कानडी. सात-आठ गिऱ्हाइकं बसली हुती, बरीचशी रेल्वेच्या रुळावर काम करणारी. दाजीनं मेंढा मागल्या अंगाला झाडाला बांधला आन् आमी टेकलो.

काय शिंदी हुती, म्हाराजा! ना गोड ना आंबट, गार, ताज्या फेसाची. तिच्यासंगं मायाक्कानं पानावर रक्ती, म्हंजे गोठल्यालं रगत, आणली. कांदा, मिरची घालून तव्यावर परतल्याली, वरनं शेंगदाण्याचं कूट. पाठोपाठ काळजाचं तुकडं. मी नुसता खात सुटलो.

"आज पैसं न्हाई, खावा," मायाक्का म्हणाली. "का म्हणून सांगते—"

"का म्हणून ते मरू दे," दाजी म्हणाला. "आनखी आण."

तिचं त्वांड तितंच मिटलं. दाजीनं दोन पानं साफ केली, बोटं चाटली आन् लघवीला म्हणून मागं गेला. आन् मागनं अशी बोंब आली की माझ्या हातातलं मडकं सुटलं.

धावत गेलो. झाडाला नुसती दोरी लोंबत हुती, टोक चावल्यालं. पलीकडं जाळ करून भीमा मेंढ्याची मुंडी भाजत बसल्याला. केस जळून काळी झाल्याली मुंडी. आन् तिचा डावा कान मधनं चिरल्याला.

मी बी खाल्लं हुतं की! कुंडलिकाचं त्वांड डोळ्यापुढं आलं.

दाजीनं तोंडात बोटं घालून भडाभडा ओकून टाकलं. "खाल्लं रं मी! माझ्या पोराला मी खाल्लं!" आसं वरडत त्यानं जाळातलं पेटतं लाकूड उपसलं. भीमा उठून काय इचारणार तवर पहिला घाव बसला. भीमानं डोक्यावर उजवा हात धरला. दुसरा घाव त्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज मला दहा हातावर ऐकू आला. भीमा पडला तरी दाजी थांबंना, लाथा घालत हुता, छातीवर, तोंडावर. निखारं चौकडं उडालं, भीमाच्या धोतरानं पेट घेतला. मी दाजीच्या कमरंला मिठी मारली तर त्यानं कोपर हाणून माझा फुडला दात पाडला. ही बघा अजून फट हाय.

मग रुळावरची माणसं आली. त्यांनी हातातल्या लोखंडी पहारीनं दाजीला गुडघ्यात हाणला, तवा त्यो खाली आला. खाली आल्यावर काय, समद्यांनी मिळून त्येला तुडवला. मायाक्का आदी नवऱ्यावर घागर रिकामी करून आग इझवत हुती. मग तिनं मुंडीवर घालायचा सत्तूर उचलला आन् दाजीच्या केसाला धरून त्याचं डोकं मागं वढलं. मी डोळं मिटलं.

तेवढ्यात मेंढा वरडला.

रिकाम्या मडक्यांच्या उतरंडीमागनं त्यो आला. चार पाय चार दिशेला, तोंडाला शिंदीचा गाळ, डोळं तांबारल्यालं. दोरी चावून बेणं गाळ प्यायला गेलतं! मोहोळापासनं लागल्याली सवय. डावा कान चिरल्याला, आन् धडधाकट.

दाजी तोंडातलं रगत गिळत मेंढ्याकडं बघत ऱ्हायला. मग त्या भाजल्याल्या मुंडीकडं. मग मायाक्काकडं.

तिनं सत्तूर खाली टाकला. नवऱ्याचा हात मांडीवर घेतला. कोपराखाली हात उलटाच फिरला हुता, भीमा दात खाऊन कण्हत हुता.

"गेल्या साली झाडावरनं पडला ह्यो," ती म्हणाली. "ह्योच हात. मी मेंढ्याचा कान चिरला. हात बरा झाला, परत झाडावर चढला. आज सकाळी तुझ्याच बिरोबाला मेंढा दिला मी. त्याचं जेवण हाय हे, म्हणून फुकट हुतं. सांगत हुते तुला. ऐकलास न्हाई तू."

देवाशपथ सांगतो, त्या टायमाला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. आमच्यात जो कान चिरतात त्योच त्यांच्यात बी चिरतात, हे त्या रेड्याला ठाव हुतं. आयुष्य गेलं त्येचं ह्यात. पर राग आला की त्येला ठाव असल्यालं काय बी आठवत न्हाय.

दाजी गुडघ्यावर सरकत तिच्यापाशी गेला. "बैल घे, माये. दोन्ही घे. गाडी घे."

"बैल घिऊन झाडावर चढू काय?" मायाक्का म्हणाली. "मेंढा दे. हात तू मोडलास, आता त्याचा नवस तूच फेड."

"त्यो माझ्या पोराचा हाय!"

"ह्यो हात माझ्या चार पोरांचा हाय."

दाजीनं माझ्याकडं बघितलं. मी मान फिरवली. मेंढा घिऊन पळावं म्हटलं तर पहारीवाले गडी भवती उभं हुतं. आन् पळून जायचं कुटं, बिरोबापुढंच की. तिथं तर समदं दिसतंय त्येला.

गावातल्या एका म्हाताऱ्यानं बांबूच्या कामट्या लावून भीमाचा हात बांधला. "बसंल हाड कदाचित, पर झाडाचं सांगता येत न्हाय," म्हणाला. दुसऱ्या दिशी उजाडताच भीमाला आमच्याच गाडीत घातलं. मायाक्का बैलांच्या फुडं चालली, दाजी मेंढा धरून लंगडत मागं. त्याचा एक डोळा सुजून मिटला हुता.

बिरोबाच्या ठाण्यापुढं मेंढा उभा केला. त्याची शिंदी उतरली हुती, गरिबासारखा उभा ऱ्हायला. मला वाटलं मायाक्का आता दाजीला बाजूला सारून सोता पाणी शिंपडंल. तिनं काय केलं, तर तांब्या दाजीच्या हातात दिला.

"मेंढा तू वाढवलास. नाव तूच घे," म्हणाली आन् चार पावलं मागं सरून उभी ऱ्हायली. "कुणाचं घ्यायचं ते तू आन् देव बघा."

काय बाई म्हणावी! पहारीनं गुडघा फुटला तवा दाजीचा चेहरा एवढा वाकडा झाला नव्हता. मी मागनं हळूच म्हणालो, "दाजी, कुंडलिक. कुंडलिक म्हणा. त्या बाईनं आपनहून मोकळीक दिलीया. तानी वाट बघत आसंल." त्यानं गाडीत पडल्याल्या भीमाकडं बघितलं. भीमानं तोंड दुसरीकडं केलं.

दाजीनं वंजळ भरून मेंढ्यावर टाकली आन् म्हणाला, "भीमा."

मेंढ्यानं शिंगापासनं शेपटापत्तूर अंग झाडलं.

झालं. एक मेंढा, एक नाव. मी फुडं गेलो आन् दाजीच्या थोबाडीत दिली. सुजल्याल्या डोळ्यावरच बसली. मग दुसरी दिली, तिसरी दिली. "माझ्या भणीचं पोर हाय ते, भडव्या! तुझ्या एकट्याचं हाय व्हय?" मी रडत हुतो आन् मारत हुतो. ज्या माणसानं कुणी हसला म्हणून त्याच्या टाळक्यात मडकं फोडलं त्यो हात खाली सोडून उभा ऱ्हायला. मला कुणी अडवलं बी न्हाय. शेवटी माझाच हात दुखाय लागला.

येताना तीच दुकानं लागली. बैल सवयीनं थांबायचं, दाजी खाली उतरून कासरा धरून त्येंना पुढं न्यायचा. मी बी उतरलो न्हाय. आसं करत नातेपुतं गाठलं.

तानी दारातच हुती. कुंडलिक पळत आला, रिकामी दोरी बघून टाळ्या पिटाय लागला. "घेतला! देवानं घेतला!"

"अंग झाडलं?" तानीनं इचारलं. "माझ्या पोराचं नाव घेतल्यावर लगीच झाडलं का?"

दाजीचं त्वांड उघडलं. त्यो खरं सांगणार हुता, मला दिसत हुतं.

"व्हय," मी म्हणालो. "लगीच."

आता पोर साधं खोकलं तरी तानी म्हणती, काय न्हाय होत, बिरोबानं घेतलाय मेंढा. आन् मी आन् दाजी एकमेकाकडं बघत बी न्हाय.