साहेबांच्या मशीनचा नंबर

साहेब, ऑफिस बंद पाडलं तुम्ही आणि घरी बसवलं बेबाबाईला. तुमचं नाव इथं लिहीत नाही. ते तुम्ही दारावर, टेबलावर आणि जीपच्या काचेवर आधीच लिहून ठेवलंय. धुळ्यात ज्याला अक्षर कळतं त्याला ते पाठ आहे. बाकीच्यांनी नुसतं घडलं ते ऐकावं.

साल अठ्ठ्याण्णव, जून महिना. कॉलेजचे प्रवेश तोंडावर आलेले आणि ऑफिसच्या व्हरांड्यात दाखल्यासाठी माणसावर माणूस चढलेला. साक्री-शिरपूरकडून पोरांचे बाप पहाटेची गाडी धरून यायचे आणि खिडकीतून एकच उत्तर मिळायचं, "कॉम्प्युटर बंद आहे, उद्या या." उद्याचं उत्तरही तेच.

हारुन जळगावहून एसटीनं येऊन पोचला तेव्हा अकरा वाजले होते. हा तिथल्या मेहरूणचा. बाप कादर गाद्या भरायचा. पोरगा दहा वर्षं रेडिओ उघडत बसला आणि मग पंडितशेठच्या दुकानात कॉम्प्युटर उघडायला लागला. डिप्लोमा नाही, सर्टिफिकेट नाही. स्क्रीनवरचं इंग्रजी तो शब्दकोश मांडीवर घेऊन शिकला, म्हणून त्याला एक खोड लागली होती: स्क्रीनवर जे लिहून येतं ते शेवटपर्यंत वाचायचं. डिप्लोमावाले वाचत नाहीत. ओके दाबतात.

साहेबांचा पीए रुपचंद दारातच भेटला.

"आले का मिस्त्री? वायर उंदरानं खाल्ली असंल, बघून घ्या. आणि दोनच्या आत रिपोर्ट द्या. तीनला नाशिकचं टपाल जातं."

"रिपोर्टची एवढी घाई?"

"एका बाईचं प्रकरण आहे, रोजंदारीवरची. तिच्या हलगर्जीपणानं सर्व्हर बंद पडतो, असं साहेबांनी वर कळवलंय. तुमचा कागद मागं जोडला की फाईल मिटली."

त्या बाईला शोधायला हारुनला लांब जावं लागलं नाही. ती व्हरांड्यातच, दाखलेवाल्यांच्या बाकावर बसली होती. चार वर्षं तिनं याच ऑफिसात दाखले टाइप केले. सकाळी कोपऱ्यातल्या खोलीतला सर्व्हर तीच सुरू करायची. सगळे दाखले त्याच्या पोटात, बाकीची आठ मशीनं वायरींनी त्याला जोडलेली. संध्याकाळी तीच बंद करून वर कापड टाकायची. कायम करायच्या यादीत तिचं नाव तिसरं होतं. आता हातात कामावरून काढल्याचा मेमो होता. तरी रोज दहाला येऊन ती बाकावर बसायची, आणि आतल्या आपल्या रिकाम्या खुर्चीकडं बघत राहायची.

"ताई, झालं काय नेमकं?"

बेबाबाईनं त्याला खालीवर न्याहाळलं. आधी दोन इंजिनिअर येऊन गेले होते. त्यांनी तिला विचारलंसुद्धा नव्हतं.

"भाऊ, मन्ही चूक नही. रजिस्टरमा बठ्ठं लिखेल शे. वाचनारा कोनी नही." मग घरची बोली आवरून ती ऑफिसच्या मराठीत म्हणाली, "रजिस्टरात सगळं लिहिलंय. साहेब आले की बंद पडतं. साहेब दौऱ्यावर गेले की चालतं. मी तेवढंच लिहिलं. त्याच्यावरूनच काढलं मला."

हारुनला आधी हसू आलं. मग त्यानं रजिस्टर मागवलं आणि हसू गेलं.

शेऱ्याच्या रकान्यात, स्वच्छ अक्षरात: "आज साहेब हजर. सर्व्हर बंद." दुसऱ्या दिवशी: "आज साहेब दौऱ्यावर. काम सुरळीत." पुढं चार दिवस साहेब हजर, चारही दिवस बंद. ऑफिसातली माणसं हे वाचून पोट धरधरून हसली होती. रजिस्टर फिरत फिरत केबिनमध्ये गेलं आणि तिथं कोणी हसलं नाही. बाईनं साहेबांची टिंगल केली, असं ठरलं.

पण बेबाबाईनं आणखी एक केलं होतं. प्रत्येक बंद दिवसाखाली सर्व्हरच्या स्क्रीनवर आलेली इंग्रजी ओळ तिनं जशीच्या तशी उतरवून ठेवली होती. अर्थ कळत नव्हता, तरी एक अक्षर सुटलं नव्हतं. असे तेवीस दिवस. हारुन ओळीवर बोट ठेवून वाचत गेला. याच नंबरचं दुसरं मशीन आधीच सुरू आहे, म्हणून हे मशीन नेटवर्कमधून बंद केलं आहे. आणि शेवटी त्या दुसऱ्या मशीनच्या कार्डाची, म्हणजे नेटवर्कची वायर खोचायच्या पट्टीची खूण, बारा अंक-अक्षरांची. तेवीसही दिवस तीच.

अशी खूण प्रत्येक कार्डावर कारखान्यातच बसवून येते. आणि नंबर आपण द्यायचा असतो, मशीनला एक. दोन मशीनला तोच नंबर दिला तर जे आधी सुरू झालं ते चालतं, मागून येणारं गप्प बसतं. नियम एवढाच. त्याला साहेब कळत नाही, शिपाई कळत नाही.

हारुननं ती खूण हाताच्या पंजावर लिहून घेतली आणि हॉलमधली मशीनं एकेक करून तपासली. सातही जुळली नाहीत. आठवं केबिनमध्ये होतं.

"तिकडं कुठं?" रुपचंद आडवा आला. "साहेबांचं मशीन बिघडत नसतं."

"बिघडलंय कुठं म्हणतो मी? बघू तर द्या."

आतून आवाज आला, "येऊ दे रे त्याला."

साहेबांच्या मॉनिटरवर झेंडूचा हार होता. त्याच्याच वरच्या जाळीत अगरबत्तीची काडी खोचलेली, राख खाली कीबोर्डवर. रुपचंदनं मोठ्या अभिमानानं सांगितलं की साडेनऊला तो केबिन उघडतो, अगरबत्ती लावतो आणि सगळ्यांत आधी हे मशीन सुरू करतो. साहेब असताना साहेबांच्या आधी दुसऱ्या कोणाचं मशीन लावायचं नाही, ही इथली शिस्त. दौऱ्यावर असले की केबिनला कुलूप.

हारुननं स्क्रीनवरची खूण पाहिली, पंजा पाहिला. बाराच्या बारा जुळली. मशीनचा नंबर पाहिला. ठिपक्यांनी तोडलेल्या चार आकड्यांतला शेवटचा एक. सर्व्हरचाही शेवटचा एकच.

"हा नंबर कोणी टाकला?"

"मी," रुपचंद म्हणाला. "नंबरांची यादी आली तेव्हा साहेबांचा एकोणीस होता. एकोणीस! टायपिस्टचा अकरा आणि साहेब एकोणीसवर! इंजिनिअर कसा बदलतो ते मी बघून ठेवलं होतं. करून टाकला एक."

"मी इथला प्रमुख आहे," साहेब म्हणाले. "एक नंबर दुसऱ्या कोणाचा असणार?"

"सर्व्हरचा, साहेब. पहिल्या दिवसापासून त्याचाच आहे."

"सर्व्हर काय माझ्या वरचा आहे?"

हारुननं साहेबांचं मशीन बंद केलं, कोपऱ्यातल्या खोलीत जाऊन सर्व्हर नव्यानं सुरू केला. दहा मिनिटांत हॉलमधून कोणीतरी ओरडलं, "चाललं, चाललं!" प्रिंटर करकरायला लागला. व्हरांड्यातली माणसं उठून खिडकीला भिडली. एक म्हातारा बेबाबाईला म्हणाला, "चाल ना माय, आते तरी मझार चाल." आत चल. ती उठली नाही. तिला आत जायचा हुकूम नव्हता.

मग हारुननं साहेबांचं मशीन परत सुरू केलं. आता ते मागून आलेलं. तीच इंग्रजी ओळ साहेबांच्या स्क्रीनवर उमटली.

"हे काय? माझंच बंद?"

"मागून येणारं बंद होतं, साहेब. तेवीस दिवस सर्व्हर मागून आला. बाईनं लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं आहे."

साहेबांनी हार सरळ केला आणि म्हणाले, "मग सर्व्हरचा नंबर बदल. बाकीच्यांचे काय बदलायचे ते बदल. माझा एक तसाच राहू दे."

आणि यातली खरी मेख ही, की असं करता येतं. दीड तासाचं काम. सर्व्हरला दुसरा नंबर, सातही मशीनना तो सांगायचा, सगळं सुरळीत. चूक जागच्या जागी, हारासकट.

"कारणात उंदीर लिहा," रुपचंद म्हणाला आणि फोन पुढं केला. पलीकडं पंडितशेठ. त्याला आधीच कळवलेलं होतं.

"हारुन, या ऑफिसचं वर्षाचं काम आहे रे आपल्याकडं. लिहून टाक उंदीर. उंदीर काय कोर्टात जातो?"

हारुननं आजवर सात ऑफिसांत उंदीर लिहिला होता. कुठं साहेबाच्या पोरानं गेम टाकला, कुठं चहा सांडला; कागदावर उंदीर. कोणाचं काही जात नव्हतं. त्यानं पेन उघडलं, 'उंद' एवढं लिहिलं आणि व्हरांड्याकडच्या दाराकडं पाहिलं. बेबाबाई उंबऱ्याबाहेर उभी होती. आत येत नव्हती आणि जातही नव्हती.

त्यानं 'उंद' खोडलं. खाली लिहिलं: दोष वायरीत नाही, सर्व्हरमध्ये नाही. साहेबांच्या मशीनला सर्व्हरचा नंबर देण्यात आला. ऑपरेटरने तेवीस वेळा लेखी कळवले.

साहेबांनी वाचलं. "यावर मी सही करणार नाही. आणि तिचं आता काय घेऊन बसलास? तिचा कागद वर गेलाय. दुसरी बाई सोमवारपासून येतेय. तू तुझं काम कर, मिस्त्री."

"करतो." हारुननं रिपोर्ट फिरवून साहेबांसमोर ठेवला, वर पेन ठेवलं. "नंबर बदलतो, दाखलेही निघतील. वरचा रकाना माझा, तो मी भरला. खालचा तुमचा आहे, ग्राहकाचा अभिप्राय. तीनला टपाल जातं, अजून वेळ आहे. ही बाई खरं लिहीत होती, हे आता तुमच्या मशीननंच तुम्हाला सांगितलं. मग तिला काढलं ते कोणत्या चुकीसाठी? तोंडी नको साहेब. इथं लिहून द्या."