गाडी लागणारी आत्या

आमच्या घराण्यात कोणी डॉक्टर झालं नाही, वकील झालं नाही; पण गाडी लागण्यात माझा हात धरणारं कोणी नाही. रिक्षा शहाडचा पूल चढली तरी मला मळमळतं. म्हणून तर माझ्या भाच्याचा, प्रीतमचा फोन आला.

"रतनआत्या, नौपाड्यात आमच्या ऑफिसला ये. डोळ्यांवर चष्मा लावायचा, बसल्या जागी घाट फिरायचा. मी केलेली टोपी मेंदूचे सिग्नल ओळखते आणि उलटी व्हायच्या आत चष्म्यातली गाडी हळू करते. आमची पोरं सरावलीत गं, कोणाला काही होतच नाही. आज मॅडम बघणारेत. टोपी चालली नाही तर प्रोजेक्ट बंद."

"येते की! अशी मळमळून दाखवते, बघच तू!"

"फक्त केस धुऊन ये."

धुतले. पण भुरभुरत्या केसांनी लोकांकडे जायचं? चांगलं वाटीभर खोबरेल चोपडलं, चापूनचोपून वेणी घातली आणि गेले.

चष्मा चढवला, तर समोर कशेडीचा जुना घाट! तिसऱ्या वळणाला पोटातलं घशाशी आलं. टोपीला पत्ताच नाही, गाडी आपली सुसाट. सहाव्या वळणाला सकाळचा वरणभात प्रीतमच्या नव्या बुटांवर. देवा रे!

"प्रीतम, तुझ्या टोपीला काहीच कळलं नाही," ऐश्वर्या मॅडम म्हणाल्या.

पोराचं तोंड एवढंसं झालं. त्याने टोपी काढली, आतून बोट फिरवलं. "आत्या, तेल?"

"मग! कोरड्या केसांनी येऊ?"

"अगं, तेलातून सिग्नल कसा मिळणार!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. त्याची दोन वर्षांची मेहनत मी तेलात बुडवली होती. "मॅडम, दहा मिनिटं थांबा," म्हटलं आणि ऑफिसच्या बेसिनमध्ये डोकं घातलं. शाम्पू कुठला तिथे! भांड्यांच्या साबणाने खसाखसा धुतलं. प्रीतम मगाने पाणी ओतत होता, मॅडम हसून हसून खुर्चीत बसल्या.

पुन्हा टोपी, पुन्हा चष्मा. तिसऱ्या वळणाला पोटात कालवायला लागलं आणि गाडी आपणहून हळू झाली. मग पुढच्या वळणाला, मग त्याच्या पुढच्या. खाली दरी होती. हिरवीगार, खोल, वर ढग टेकलेले. चाळीस वर्षं याच घाटातून मी माहेरी गेले, पण पदर तोंडाला लावून, डोळे गच्च मिटून. इतका देखणा आहे हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

"आत्या, रडतेयस? बंद करू?"

"हात तर लावून बघ!"

"प्रीतम, चालली रे तुझी टोपी!" मागून मॅडम ओरडल्या.

"मॅडम, जरा गप्प बसा ना," मी म्हटलं, "माझं माहेर यायचंय अजून."